फलके सरांचा फिरता खड्डा

काकासाहेब फलके सरांना एकोणीस वर्षांच्या नोकरीत एकदाही खुलासा द्यावा लागला नव्हता. ज्यांनी सरकारी नोकरी केली नाही, त्यांना ही गोष्ट किती मोठी ते कळायचं नाही. खुलासा म्हणजे काय, तर वरचा साहेब कागद पाठवून विचारतो की तुम्ही असं का केलंत, आणि आपण दुसऱ्या कागदावर लिहून द्यायचं की मी असं केलेलंच नाही, आणि केलं असलंच तर ते अनवधानानं. बोरमाळच्या शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांचं खुलासे लिहूनलिहून अक्षर सुधारलं होतं. मुख्याध्यापक अण्णासाहेबांकडे तर एक तयार नमुनाच होता, वर नुसती तारीख बदलायची. फलके सरांचं सेवापुस्तक मात्र कोरं करकरीत. घरी पाहुणा आला की चहा यायच्या आधी ते हे सांगायचे, आणि चहा आल्यावर उषाबाई, म्हणजे त्यांची बायको, सांगायची की कोरं असतं कारण हे काही करतच नाहीत.

२००५ साली मात्र काहीतरी करायची वेळ आली. पर्यावरण हा विषय नव्यानं सक्तीचा झालेला होता, आणि आसपासच्या शाळांना चिठ्ठ्या टाकून प्रकल्प वाटले गेले. टेंभुर्णीच्या शाळेला झाडं लावायची चिठ्ठी आली. दुसऱ्या एकीला पाणी वाचवा आलं, म्हणजे नळाला चिंधी बांधली की झालं. बोरमाळला चिठ्ठी आली ती 'खाणकामाचे पर्यावरणावरील परिणाम'. आता बोरमाळ म्हणजे टेंभुर्णीपासून आठ किलोमीटरवरचं गाव. कापूस आहे, सोयाबीन आहे, देवीचं देऊळ आहे, पण खाण म्हणावी असं काही औषधालाही नाही. सरांनी सरळ मनानं वर कळवलं की इथं खाण उपलब्ध नाही, तरी विषय बदलून मिळावा. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. खाण स्थानिक पातळीवर उपलब्ध करून घ्यावी. घटस्थापनेआधी विस्तार अधिकारी पाहणीला येतील. उपक्रम न दिसल्यास खुलासा सादर करावा.

शेवटचा शब्द वाचून सरांना घाम फुटला. त्या रात्री ते जेवले नाहीत असं ते सांगतात. उषाबाई सांगते की जेवले, पण भाजीला नावं ठेवली नाहीत.

कागदासोबत एक माहितीपत्रक होतं. त्यात लिहिलं होतं की बिस्किट म्हणजे जमीन, आतले चॉकलेटचे तुकडे म्हणजे खनिज. मुलांनी काडीनं तुकडे काढावेत आणि जमिनीचं काय होतं ते पाहावं. बोरमाळच्या दुकानात एकच बिस्किट मिळायचं आणि त्याच्या पोटात काहीच नसायचं. म्हणून सरांनी शाळेतली खिचडी घेतली. खिचडी म्हणजे जमीन, शेंगदाणे म्हणजे खनिज. सातवीच्या वर्गानं पाच मिनिटांत खनिज खाल्लं, दहा मिनिटांत जमीनही खाल्ली, आणि पर्यावरणावर काय परिणाम झाला असं विचारल्यावर पोट भरलं न्हाई असं सांगितलं. एवढ्यावर साहेबाला समाधान वाटेल याची सरांना खात्री वाटेना. मग खरीच खाण खणायचं ठरलं.

सरांच्या मनातली खाण हातभर लांब, हातभर रुंद होती. तिचे तीन टप्पे त्यांनी फळ्यावर लिहिले. पहिला, खोदकाम. दुसरा, परिणामांची नोंद. तिसरा, जमीन पुन्हा होती तशी करणं. नोंदीची वही त्यांनी बेबीनंदाकडे दिली. ही पोरगी वर्गात पहिली यायची आणि सरांनी फळ्यावर चूक केली तर हात वर करून सांगायची, त्यामुळे सर तिला मानायचे आणि थोडे घाबरायचे.

शाळेच्या मागं कुदळ पडली आणि गाव गोळा झालं. बोरमाळमध्ये माणूस आजारी पडला तर चार जण येतात, पण कुणी खड्डा खणायला घेतला तर चाळीस येतात, कारण खड्ड्याबद्दल प्रत्येकालाच काहीतरी माहीत असतं. कुणी म्हणालं पितरं चालू आहेत, पितरांत नवीन काम काढत नसतात. त्यावर कुणी म्हणालं की खड्डा हे काम धरत नाहीत. कुणी विहीर समजून पाणी कुठं लागेल ते दाखवलं, कुणी संडास समजून वाऱ्याची दिशा सांगितली. सर प्रत्येकाला सांगत होते की ही खाण आहे, शैक्षणिक आहे, आणि लगेच बुजवायची आहे. मग खंदता काऊन, हा प्रश्न त्यांना अकरा वेळा विचारला गेला.

शेवटी कडूबा आला. कडूबा तरुणपणी तीन महिने चांद्याकडं कोळशाच्या खाणीवर होता, आणि त्या तीन महिन्यांवर त्यानं पुढची तीस वर्षं गावात मान मिळवला होता. त्यानं सरांची हातभर खाण पाहिली आणि नुसता हसला. सरांना ते हसणं लागलं.

"सर, ह्याच्यात उंदीर बी लाजंल," कडूबा म्हणाला. "खाण म्हणल्यावर माणूस दिसला न्हाई पाहिजे."

झालं. माणूस दिसेनासा होईपर्यंत खणायचं ठरलं. वर्गातली पोरं होती, पोरांचे बाप होते, सोयाबीन काढायला अजून आठवडा होता आणि गावाला काही उद्योग नव्हता. कडूबा काठावर बसून हुकूम सोडत होता. दोन दिवसांत दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि पुरुषभर खोल असा खड्डा तयार झाला, आत उतरायला पायऱ्या, बाजूला मातीचा हा एवढा ढीग. (कडूबा तिकडं खाणीत कधी उतरलाच नव्हता, कामगारांच्या भोजनगृहात पोळ्या लाटायला होता, हे पुढं त्याच्याच मेव्हण्यानं सांगितलं. पण तोवर खड्डा पडला होता.)

सर खुश झाले. पहिला टप्पा पुरा. बुधवारी सकाळी दुसरा टप्पा घ्यावा म्हणून ते पोरांना घेऊन मागं गेले, तर खड्डा जागेवर होता आणि ढीग नव्हता.

हे काय झालं ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. बोरमाळची शाळा जुन्या गढीच्या पायथ्याशी आहे. तिथली माती पांढरी, चिकट, लोण्यासारखी. घट बसायच्या आधी घर सारवायला, भिंतींना पोतेरा द्यायला गावातल्या बायांना हीच माती लागते. ती खणायला एरवी गढीवर चढावं लागतं, कुदळ घ्यावी लागते, नवऱ्याला चार वेळा सांगावं लागतं. इथं तर चाळलेल्या पिठासारखा ढीग शाळेच्या मागं आयता पडला होता. पांढरी माती कुणाच्या मालकीची नसते आणि ती घ्यायला कुणी कुणाला विचारत नाही, ही तिथली रीत. एका सकाळीत अख्ख्या गावानं टोपल्याटोपल्यानं डोंगर उचलला. सर तावातावानं घरी गेले, की उषाबाईला सांगावं गावात काय अंदाधुंदी चाललीय. उषाबाई पदर खोचून भिंतीला पोतेरा देत होती. कोपऱ्यात पांढऱ्या मातीची चार घमेली भरलेली होती.

"आत्ता बोलू नका," ती म्हणाली, "हात थांबला की डाग पडतोय."

सर आल्या पावली माघारी वळले. पण मनातून फार दुखावले. आपल्या तिसऱ्या टप्प्याचा लगदा आपल्याच बायकोच्या हातात पाहणं सोपं नसतं.

गुरुवारी तलाठी देवानंद आला. वाईट माणूस नव्हता तो, उलट सरांचाच जुना विद्यार्थी, आणि त्यामुळेच तो फार नियमानं वागला. त्यानं टेप लावून खड्डा मोजला आणि सांगितलं की हे विनापरवाना गौण खनिजाचं उत्खनन होतं. सर म्हणाले की ही तर साधी माती. देवानंद म्हणाला की सर, जमिनीत असते तोवर माती, बाहेर काढली की गौण खनिज, आणि हे तुम्हीच आता शिकवताय ना. मग काढलेलं खनिज कुठंय असं त्यानं विचारलं. सरांनी हातानं सगळं गाव दाखवलं. पंचनामा कडूबाच्या ओसरीवर झाला. पाच पंच भिंतीला टेकून बसले होते, आणि खनिज अज्ञात इसमांनी नेलं असं लिहून सह्या करून उठले तेव्हा पाचांच्याही पाठी पांढऱ्या झाल्या होत्या. देवानंदची सहावी.

पंचनाम्यावर शेरा पडला की येत्या गुरुवारपर्यंत जागा पूर्ववत करावी, न केल्यास शिक्षण खात्याला कळवून खुलासा मागवण्यात येईल. तो शब्द पुन्हा कानावर आला तेव्हा सर मटकन ओसरीवर बसले, त्यामुळे त्यांचीही पाठ पांढरी झाली.

आता खड्डा बुजवायला माती पाहिजे. माती पाहिजे म्हणजे ती कुठूनतरी काढायला पाहिजे. ही साधी अडचण त्या वेळी कुणाच्या लक्षात आली नाही. म्हणजे एकीच्या आली. बेबीनंदानं हात वर केला आणि विचारलं की सर, मंग तो खड्डा कशानं बुजवायचा? सर म्हणाले, पुढचं पुढं बघू. तिनं हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

गावातला कचरू मोठ्या मनानं पुढं आला. त्याच्या गोठ्याशेजारी उंचवटा होता, तो त्याला कित्येक वर्षांपासून सपाट करायचा होता. शनिवारी पोरांनी आणि बापांनी तिथून पाच गाड्या माती काढली आणि शाळेत आणून टाकली. पाच गाड्यांत खड्डा भरला, पण पाणी मारल्यावर दबला. मग सहावी गाडी काढली. कचरूचा उंचवटा गेला आणि त्या जागी शाळेतल्यापेक्षा मोठा खड्डा आला. रविवारी दुपारी पावसाची एक सर येऊन गेली आणि खड्ड्यात पाणी साचलं. संध्याकाळी कचरूची म्हैस त्यात जाऊन बसली, ती उठेना.

सोमवारी सकाळी कचरू शाळेच्या दारात उभा होता. म्हणाला, "सर, म्हैस दोन वेळापासून गाळात बसून राह्यली. धार काढायला आमची बाई गुडघाभर पाण्यात उतरली अन् म्हशीनं तिच्याकडं पाह्यलं बी न्हाई. खड्डा जल्दी बुजवा, न्हाईतर म्हैस घेऊन वर्गात येतो."

सरांनी विनंती केली की निदान शुक्रवारपर्यंत थांब. कचरू म्हणाला, मी थांबतो, म्हशीला तुम्ही सांगा. सर खरंच गेले. काठावर उभं राहून त्यांनी आधी हाक मारली, मग छडी आपटली, मग शिटी वाजवली, जी ऐकून सातवीचा वर्ग सरळ रांगेत उभा राहतो. म्हशीनं डोळे मिटले. एकोणीस वर्षांत सरांचा असा अपमान झाला नव्हता.

मग देवीच्या देवळासमोरच्या पटांगणातून माती काढली. सात गाड्या. म्हशीला सात माणसांनी दोर लावून बाहेर ओढलं, तिची जागा भरली, आणि देवळासमोर खड्डा पडला. आता देवळासमोर खड्डा पाडून तुम्ही गप बसाल आणि गाव गप बसेल असं थोडंच आहे. नवरात्राचा मांडव तिथंच पडायचा होता. अण्णासाहेब मुख्याध्यापक होते तसेच देवळाच्या पंचकमिटीतही होते. शाळेत त्यांनी सरांना धीर दिला, आणि संध्याकाळी देवळात कमिटीच्या वतीनं निरोप पाठवला की बुधवारपर्यंत खड्डा बुजला नाही तर गाव वर तक्रार करील. वर तक्रार म्हणजे पुन्हा तेच.

सर दारोदार हिंडले. पण एव्हाना गाव शहाणं झालं होतं. सर लांबून दिसले की माणसं आपापल्या अंगणात येऊन उभी राहायची, हाताची घडी घालून. कडूबा तर दारात खाट टाकून बसला. लोक चहा देत होते, पान देत होते, सहानुभूती तर फार देत होते, पण माती म्हटलं की एकेक जण विषय पावसावर न्यायचा.

उरलं एकच अंगण. सर चांगुणाबाईच्या घरात भाड्यानं राहायचे. चांगुणाबाई एकटी बाई, सत्तरीची, अर्धं घर सरांना दिलेलं, आणि घट बसायच्या आत येते म्हणून लेकीकडं पिंपळगाव रेणुकाईला गेलेली. मंगळवारी सरांनी त्या अंगणात कुदळ मारली. पोरं मदतीला आली नाहीत. आम्हाला परिणाम कळला, असं त्यांनी बेबीनंदाकरवी कळवलं. उषाबाई दारात उभी राहून बघत होती. ती ओरडली असती तर सरांना बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली की म्हातारी येईल तेव्हा मी बोलणार न्हाई, तुमचं तुम्ही सांगा.

बुधवारी देवळासमोरचं पटांगण सपाट झालं. गुरुवारी देवानंदनं शाळेमागची जागा पाहिली, पायानं दाबली आणि 'जागा पूर्ववत' असा शेरा दिला. सरांनी सुटकेचा निःश्वास सोडला, तो शुक्रवारी सकाळी साडेदहापर्यंत टिकला.

साडेदहाला विस्तार अधिकारी आले. हेल्मेट काखेत धरून ते शाळेच्या मागं गेले आणि सपाट जमिनीकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनी विचारलं, खाण कुठाय? सर म्हणाले, बुजवली साहेब, तिसरा टप्पा. साहेब म्हणाले की बुजवलेली जमीन आणि कधीच न खणलेली जमीन यांत फरक काय? सरांनी देवानंदचा शेरा दाखवला. साहेब म्हणाले की यावरून उलट असं सिद्ध होतं की इथं काही नाही. मग त्यांनी पिशवीतून एक छापील कोरा कागद काढला. सरांना वरचा मथळा उलटा दिसत होता, पण तो त्यांना उलटाही वाचता आला. खुलासा.

हातापायाला फोड येईपर्यंत खणून, बायकोशी अबोला धरून, म्हशीकडून अपमान करून घेऊन, शेवटी आपण काहीच केलं नाही असा कागद येणार. आणि पाहा, एकोणीस वर्षं काहीच केलं नव्हतं तेव्हा आला नव्हता.

तेवढ्यात बेबीनंदानं हात वर केला.

"साहेब, खाण हितंच होती," ती म्हणाली. "खड्डा आता सरांच्या दारात गेलाय. चला, दाखवते."

साहेब चक्रावले, पण निघाले. पुढं वही घेतलेली बेबीनंदा, मागं साहेब, मागं सर, मागं सातवीचा वर्ग, आणि त्याच्यामागं ज्याला काही काम नाही असं गाव. वाटेतल्या पांढऱ्याशुभ्र भिंती दाखवून तिनं सांगितलं की ही आमची खाण, हिच्यातून हे निघालं. कचरूच्या गोठ्याशी थांबून तिनं खड्डा क्रमांक दोन वाचून दाखवला. म्हैस तिथंच मऊ मातीवर उभी होती आणि गेलेल्या पाण्याची वाट बघत होती. देवळासमोर क्रमांक तीन. मग वरात चांगुणाबाईच्या अंगणात आली. तिथं आठ गाड्यांचा खड्डा होता, एका काठावर तुळस आणि दुसऱ्या काठावर उषाबाई.

साहेबांनी आत वाकून पाहिलं आणि यातून काय शिकलात असं विचारलं. सरांना वाटलं आता ही माहितीपत्रकातलं काहीतरी सांगेल.

"माती काढली की समद्यांच्या भिंती चांगल्या होत्यात साहेब," बेबीनंदा म्हणाली, "अन् खड्डा एकाच्याच दारात ऱ्हातो. त्यो बुजवायचा म्हणलं की दुसऱ्याच्या दारात पाडावा लागतो, अन् दर बारीला मोठा होतो. मोठी माणसं म्हणत्यात पुढचं पुढं बघू. हा शेवटचा हाय, कारण चांगुणाबाई घरी न्हाई अन् तिला कुणी इचारलंच न्हाई."

कडूबानं खाकरून रस्त्याकडं पाहिलं. सरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांना फार लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी त्या पोरीचा तितकाच अभिमानही वाटला. या दोन गोष्टी एकाच वेळी वाटतात हे त्यांना माहीत नव्हतं.

साहेबांनी तो छापील कागद पिशवीत परत ठेवला आणि भेटीच्या वहीत लिहिलं: 'उपक्रम उत्तम. आशय विद्यार्थ्यांना पूर्णपणे व शिक्षकांना बऱ्यापैकी समजला आहे.' चहा घेऊन ते गेले. सेवापुस्तक कोरंच राहिलं. गावानं सरांच्या पाठीवर थापा मारल्या आणि ते जेवायला आपापल्या पांढऱ्या घरांत गेलं.

सर दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी त्यांनी आखीव ताव घेतला आणि दिव्याखाली बसून लिहायला लागले. उषाबाईनं मागून डोकावून पाहिलं आणि दिवा जवळ सरकवला. तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं त्यांच्यासाठी काही सरकवलं होतं.

शनिवारी दुपारच्या एसटीनं चांगुणाबाई आली. डोक्यावर गाठोडं, हातात लेकीनं दिलेली परडी. दारातून दोन पावलं आत आली आणि खड्ड्याच्या काठावर थांबली. फलके सर सदऱ्याची गळपट्टी नीट करून पुढं आले. खड्डा कसा पडला ते ऐकायला शेजारच्या भिंतीवर निम्मं गाव आलेलं होतं, बेबीनंदाही होती. सरांनी ताव उघडला.

"विषय, खुलासा," त्यांनी वाचलं. "सदर खड्डा मी, काकासाहेब फलके, माझ्या हातानं पाडला आहे. अनवधानानं नाही. आपण घरी नव्हता म्हणून पाडला. चूक माझी आहे."

चांगुणाबाईला लिहितावाचता येत नव्हतं, पण ऐकायला येत होतं. तिनं कागद हातात घेतला, घडी केली आणि कनवटीला लावला. सरांच्या नोकरीतला पहिला खुलासा तिथं दाखल झाला. मग तिनं पुन्हा खड्ड्यात पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मला ह्या कोपऱ्यात लिंबोणी लावायचीच व्हती. लिंबोणीला हातभर पुरंल. बाकीचा तेवढा बुजवून द्या मातीनं."

भिंतीवरची माणसं एकेक करून खाली उतरली आणि आपापल्या अंगणाकडं चालू लागली. बेबीनंदानं वहीचं नवीन पान उघडलं.